फिल्मच्या पाठीवरचं काळं

माझ्या भावाने मला फिल्म धुवायला शिकवलं ते मारून मारून शिकवलं. खोटं कशाला बोलू? अंधारखोलीत डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही, पण त्याचा हात बरोबर यायचा. फिल्मच्या चित्राच्या अंगाला बोट लागलं की कानाखाली, टाकीचं झाकण वाजलं की पाठीत. एकदा मी चिडून विचारलं, बाबा रे, इतक्या काळोखात तुला माझा गाल सापडतो तरी कसा? तर म्हणाला, "तुन्हं तोंड कधी बंद ऱ्हास का? आवाज येस तठे मारस मी." आणि हसला. मीही हसले, आणि हसता हसता अंदाजाने त्याच्या नडगीवर लाथ घातली. ती बरोबर बसली.

मी काही गरीब गाय नाही. नवऱ्याच्या घरून आले ती त्याचा पुढचा दात पाडून आले. त्याने माझ्या अंगावर पाट उचलला, मी खलातला बत्ता उचलला, आणि माझा नेम त्याच्यापेक्षा चांगला निघाला. आईवडील राहिले नव्हते. तळोद्याला भावाच्या दुकानात येऊन उभी राहिले तेव्हा त्याने माझा सुजलेला डोळा पाहिला, हातातली पिशवी घेतली आणि पहिला प्रश्न केला, "त्याले किती लागनं?" दात पडला म्हटल्यावर त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मग म्हणाला, राहा इथेच, पण नुसतं बसायचं नाही, काम शिकायचं.

दुकान जीप-स्टँडच्या मागच्या गल्लीत. पुढे पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, लॅमिनेशन. मागे अंधारखोली. ती खोली पूर्वी मिरचीच्या व्यापाऱ्याचं गोदाम होती. उन्हाळ्यात भिंती तापल्या की अजूनही तिखट उठतं आणि आम्ही दोघं खोकत काम करतो. तळोद्यासारख्या गावात सिनेमाची फिल्म धुवायची खोली कशाला, असं नवा माणूस हमखास विचारतो. भावासाठी, दुसरं कशाला.

तरुणपणी तो मुंबईला एका मोठ्या फिल्म लॅबमध्ये होता. सिनेमाच्या निगेटिव्हच्या पाठीला तेव्हा काळा थर असायचा, काजळी आणि डिंक कालवून फासल्यासारखा. कारण उजेड फिल्ममधून आरपार जातो, मागच्या पत्र्यावर आपटून परत येतो आणि प्रत्येक दिव्याभोवती नको ते वलय उमटवतो. काळा थर तो उजेड पिऊन टाकायचा. कॅमेऱ्यात फिल्म न अडखळता पळायची तीही त्याच्यामुळेच. पण लॅबमध्ये आल्यावर हेच काळं वैरी व्हायचं. ते डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, उतरलं की टाकी नासली, आणि चित्रावर त्याचे कण बसले की नटीच्या गालावर माशा. म्हणून आधी सोड्याच्या कोमट पाण्यात फिल्म भिजवायची, काळं मऊ करायचं, रुळांनी घासायचं, पाण्याचे फवारे मारायचे, आणि मगच डेव्हलपर. त्या सोड्याच्या टाकीवर माझा भाऊ उभा असायचा.

एकदा कण राहिले तेव्हा फोरमनने त्याच्या डोक्यात पाना हाणला. ती खूण अजून आहे, तिथे केस उगवत नाहीत. हा मार तो मोठ्या अभिमानाने सांगतो. त्यानंतर माझ्या हातून एक कण राहिला नाही, म्हणतो. मला विचाराल तर त्या फोरमनचे हात तोडायला हवे होते, पण मला कोण विचारतं.

मग कंपन्या फिल्म बदलायला लागल्या. थिएटरला जाणारी पॉझिटिव्ह मजबूत प्लास्टिकवर यायला लागली. आधीची ताणली की तुटायची, ही काही केल्या तुटेना. मशीनमध्ये अडकली तर रूळ वाकवायची. भावाच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाने अडकलेली फिल्म सोडवायला हात घातला आणि फिल्म त्याचं बोट घेऊन पुढे गेली. जुनी असती तर फिल्म तुटली असती आणि बोट राहिलं असतं. पॉझिटिव्हच्याही पाठीवर असायचं ते काळंच पुढे कंपनीने काढून टाकलं. काळं नाही तर सोड्याची टाकी नाही, टाकी नाही तर टाकीवरची माणसं कशाला? ती सगळी घरी गेली, भाऊ निगेटिव्हच्या टाकीवर होता म्हणून राहिला. निगेटिव्हचं काळं मात्र कधी जाणार नाही, असं फोरमनने भावाला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

काळं राहिलं, पण सगळं डिजिटल झालं आणि लॅबच बसली. मशीन भंगारात घालायचं ठरलं तेव्हा मालकाने कामगारांच्याच हातात घण दिले. भावाने स्वतःच्या टाकीवर घण घातला. पहिल्या घावाला टाकी फुटली नाही म्हणून तो वेड्यासारखा मारत सुटला आणि दोघांनी त्याला धरून बाजूला नेलं. हे मला सांगता सांगता त्याने हातातला कप भिंतीवर फेकला होता. कप फुटल्यावर वर मलाच ओरडला, की चहा इतका गरम का केलास.

नंतर, कुठून कोण जाणे, शहरातल्या पोरांना पुन्हा फिल्मचं वेड लागलं. पुण्याची, बडोद्याची पोरं छोटे कॅमेरे घेऊन हिंडायला लागली. तळोद्याला एक माणूस हाताने काळं उतरवून देतो, ही बातमी त्यांच्यात पसरली आणि आमच्याकडे फिल्मचे डबे यायला लागले. भावाच्या अंगात पुन्हा जीव आला. त्याची पद्धत लॅबचीच, फक्त मशीनच्या जागी त्याचा हात. अंधारात डाव्या हातात कोरड्या फिल्मचं वेटोळं, उजव्या हातात सोड्यात भिजवलेला मखमलीचा बोळा. फिल्म बोळ्यातून ओढायची आणि पाण्याच्या बादलीत सोडायची. आधी अंगठ्याला बुळबुळीत लागतं, ते काळं. मग अंगठा कर्र वाजतो. कर्र वाजलं की काळं गेलं. तो आवाज कानाने ऐकल्याशिवाय तो एक वीतभर फिल्म पुढे जाऊ द्यायचा नाही. त्याच्या तळहाताच्या रेषांत काजळी कायमची बसली होती. जेवताना मी म्हणायची, भाकरीला काजळ घालतोस का रे? तो हात पसरून दाखवायचा आणि म्हणायचा, हाच माझा फोटो.

त्या उन्हाळ्यात पुण्याची एक मुलगी आली. काठी गावच्या होळीला तिने फिल्मवर चित्रण केलं होतं. तिच्याबरोबर डोंगरातल्या एका पाड्यावरची एक बाई होती. बाई अंगाने एवढीशी, हातात चांदीचे जाड गोट, आणि ती जीपमधून उतरली तेव्हापासून एक शब्द बोलली नव्हती. तिची हकिगत मुलीनेच सांगितली.

बाईचा एकुलता एक मुलगा होळीला बावा झाला होता. बावा म्हणजे नवस बोलून नाचणारा गडी. अंगावर राखेचे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. रात्रभर नाचला, पहाटे होळी पेटल्यावरही नाचत राहिला. मग सगळ्यांबरोबर गुजरातला ऊसतोडीला परत गेला. तिथे कुणाचा तरी मोबाईल सापडेना. याच्यावर आळ आला. याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बांधला आणि उसाच्या कांड्यांनी, मग पायाने, मग दगडाने मारला. पिकअपमध्ये घालून पाड्यावर आणला तेव्हा आईने त्याला पायाच्या अंगठ्यावरून ओळखला. मोबाईल नंतर ज्याचा त्याच्याच गोधडीत निघाला.

पोराचा स्वतःचा फोनही त्या मारात चुरा झाला, त्यातले फोटोही गेले. आधार कार्डावर होता तेवढाच एक. मुलगी म्हणाली, त्या फोटोत तो भेदरलेला दिसतो, आईला तो बघवत नाही. तोंडही धड ओळखू येत नाही अशा अवस्थेत तिने त्याला पुरलं होतं. आता डोळे मिटले की तेच तोंड दिसतं. या फिल्मवर तो नाचतो आहे, हसतो आहे, हे मुलीने तिला सांगितलं होतं, म्हणून ती डोंगर उतरून आली होती. पोराचं धड तोंड एकदा बघायचं, एवढंच तिला हवं होतं.

भावाने फिल्मचा डबा हातात घेतला, कपाळाला लावला आणि आत निघाला. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "काका, एक सांगायचं होतं. ही नवीन फिल्म आहे. हिच्या पाठीवर काळं नाहीये. आता तो थर आत असतो, चित्राच्या खाली, आणि ब्लीचमध्ये आपोआप निघून जातो. सोडा लावायचाच नाही. सरळ डेव्हलपर."

भाऊ थांबला. मी त्याची मान पाहिली आणि मला कळलं, आता आग लागणार. पण तो हसला. "कंपनीले इचार," म्हणाला, "मन्हा हात बी आत घाली दिधा का?"

मुलीने मुकाट्याने आणखी एक छोटा तुकडा काढून दिला, त्याच फिल्मचा, उजेड लागून वाया गेलेला. करून बघा, म्हणाली. भावाने तो गल्ल्यावर टाकून दिला. मी उचलला. मागच्या मोरीत जाऊन कोमट सोड्यात बुडवला आणि पाठीकडून बोळ्याने घासला. पाणी स्वच्छ राहिलं. अंगठा फिरवला तर नुसता घसरला. त्या पाठीला काहीतरी गुळगुळीत, कायमचं लावलेलं होतं. बुळबुळ नाही की कर्र नाही. मी वाडगा तसाच उचलून भावापुढे नेला. म्हटलं, डोळ्याने बघ, पोरगी खरं बोलते.

त्याने वाडगा माझ्या तोंडावर भिरकावला. काठ भुवईवर लागला, सोडा डोळ्यात गेला. मी मोरीवर वाकून डोळा धुतेय आणि हा मागे उभा राहून ओरडतोय, "तुले जास्ती समजस का? मी काय आते शिकी ऱ्हायनू का?" काळं कुठे जात नाही, म्हणाला. ते खोल बसलंय, जोर लावावा लागेल. सोडा वाढवावा लागेल, पाणी कढत घ्यावं लागेल. मी म्हटलं, अरे येड्या, जे नाहीच ते काढणार कुठून? त्याने माझी वेणी धरली, मी त्याच्या मनगटाला नखं लावली, आणि बाकावर बसलेली बाई उठून उभी राहिली. तिने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून तिला मारामारी दिसली की काय आठवत असेल ते माझ्या लक्षात आलं. मी नखं काढली. त्याने वेणी सोडली.

"मी धुतो," तो खाली मान घालून म्हणाला. "मन्हावर सोड." मला वाटलं, समजला. खरंच वाटलं. आम्ही दोघं आत गेलो, दार लावलं, कडी घातली, दिवा मालवला.

आमच्या अंधारखोलीचा एक नियम आहे, तो दोघांनीही कधी मोडला नाही. फिल्म डब्याबाहेर असताना दार उघडायचं नाही. आग लागो, साप निघो, कुणी मरो. दार उघडलं की उजेड, आणि उजेड म्हणजे सगळं गेलं. मी डेव्हलपरच्या पन्हाळीपाशी माझ्या जागेवर बसले. पन्हाळीवर सागाच्या पट्ट्यांचा एक रहाट आहे, त्यावर फिल्म गुंडाळायची आणि हाताने फिरवत राहायचं. भावाने डबा उघडल्याचं ऐकलं. मग पाण्याचा आवाज आला. आणि माझ्या नाकात सोड्याची कढत वाफ गेली.

"भाऊ," मी म्हटलं. "सोडा घेतलास?"

बोळ्याची सर्रसर्र सुरू झाली. मी म्हटलं, अरे नको, तिच्या पोराची फिल्म आहे ती! तो घासत राहिला. कर्र काही वाजेना. त्याचा श्वास वाढला. मग त्याने तीच फिल्म पुन्हा बोळ्यातून ओढली, पुन्हा कढत पाण्यात बुडवली, अजून जोर लावला. मी चाचपडत पुढे गेले आणि बादलीत हात घातला. फिल्मला बोटं लागली. वरून साईसारखं काहीतरी सुटून माझ्या बोटांना गुंडाळलं गेलं.

त्याच क्षणी त्यालाही ते लागलं. तो इतका आनंदला की माझ्या अंगावर काटा आला. "उतरी ऱ्हायनं!" तो म्हणाला. "उतरी ऱ्हायनं वं! म्हनतू ना मी!"

"हाई काळं नही शे!" मी किंचाळले. "हाई चित्र शे! चित्र सोली ऱ्हायना तू!"

त्याने ऐकलं नाही. मी त्याच्या हातावर झडप घातली. त्याने कोपर मारला, तो माझ्या गळ्यावर बसला आणि मी टाकीवर जाऊन आदळले. उठले ती त्याच्या पाठीवर चढले. त्याने मला भिंतीवर चेपली. मी त्याचा कान दाताने धरला, त्याने माझे केस मुठीने उपटले. बादली कलंडली, कढत सोडा दोघांच्या पायांवर गेला, दोघंही ओरडलो, आणि तरीही त्याने डावा हात उंच धरला होता, कारण त्या हातात उरलेलं कोरडं वेटोळं होतं आणि ते ओलं होऊ द्यायचं नाही हे त्याच्या हाडात होतं. मी हाताने भुईवर शोधलं. लोखंडी मग सापडला. तो मी त्याच्या डोक्याच्या दिशेने घातला. आवाजावरून कळलं की लागला.

बाहेरून मुलगी दार बडवायला लागली. काय झालं, काय झालं, कडी काढा! मी आतून ओरडले, "दार उघाडं ना, तर जीव लिसू तुन्हा!" दार बडवणं थांबलं. आतल्या दोघांपैकी कुणीही कडीकडे हात नेला नाही. मारामारी चालली होती, पण नियम चालूच होता.

तो गुडघ्यावर आला होता. मी त्याच्या डाव्या हातापर्यंत पोचले. ओली फिल्म आणि कोरडं वेटोळं यांच्यामधला भाग मी चाचपून धरला, दातात घेतला आणि झटका दिला. निगेटिव्ह अजूनही जुन्याच, तुटणाऱ्या प्लास्टिकवर असते म्हणून बरं. तुटली. वेटोळं घेऊन मी रहाटापाशी गेले. फिल्म गुंडाळताना सारखी निसटत होती.

मग मी रहाट फिरवत बसले. डेव्हलपर घळघळत होता. भाऊ भुईवर बसून धापा टाकत होता. मी शिव्या देत होते, त्याच्या सात पिढ्या काढत होते, ज्या माझ्याही होत्या. किती वेळ झाला मला कळेना. मध्येच तो हळू आवाजात म्हणाला, "बास. काढ आते." माझं डोकं फिरलं. म्हटलं, तू तोंड उघडू नको. पण वेळ त्याचा कधी चुकत नाही. मी काढली. पुढची प्रत्येक पायरी, ब्लीच, फिक्सर, धुणं, तो अंधारातून एकेका शब्दाने सांगत गेला आणि मी दात खाऊन ऐकत गेले.

दिवा लावला तेव्हा खोली खाटकाच्या दुकानासारखी दिसत होती. त्याच्या कानातून आणि कपाळातून रक्त वाहत होतं. माझ्या केसांचा पुंजका टाकीच्या पायाशी पडला होता. कलंडलेल्या बादलीत उरलेल्या पाण्यावर तपकिरी साय तरंगत होती आणि तिच्याखाली फिल्म पडली होती, लांबच लांब, स्वच्छ, काचेसारखी. भावाने ती उचलली, दिव्यासमोर धरली. मग दुसरीकडून धरली. अंगठा फिरवला. अंगठा कर्र वाजला.

त्याचं तोंड तेव्हा कसं झालं ते मला सांगता येणार नाही. मला त्याचा इतका राग आला होता, आणि तरी त्या क्षणी मला त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही. फिल्म वाळत घातली.

वाचलेला भाग उमटला होता, छान उमटला होता. मुलीने तो खिडकीत धरला आणि मोबाईलवर रंग उलटे करून एकेक चित्र बाईला दाखवायला लागली. बाई ओणवी होऊन बघत होती. पण मुलीचा आवाज हळूहळू बसत गेला. कॅमेऱ्यातून निघालेल्या वेटोळ्यात शेवटचं चित्रण सगळ्यांत बाहेर येतं, आणि भावाने घासायला सुरुवात बाहेरूनच केली होती. पहाट गेली होती. होळी पेटली ती गेली होती. नाच गेला होता. वाचली होती ती आदली दुपार: पाड्यावरच्या बायका झाडाखाली बसलेल्या, पोरं, कोंबड्या. त्यांच्यात ही बाई, समोर कुणाकडे तरी बघत तोंडभर हसणारी. मुलीने माझ्या कानात सांगितलं, समोर तिचा मुलगा टोप घालून बघत होता आणि तो वाकडा बसत होता, म्हणून ती हसत होती. मुलगी म्हणाली, मी कॅमेरा आईकडेच ठेवला. मला वाटलं, त्याला काय, रात्रभर घेणारच आहे.

बाईने शेवटपर्यंत पाहिलं. मग विचारलं. आमच्याशी ती बाजारातली अहिराणी बोलली. "मन्हा पोऱ्या कोठे शे?"

मुलीने मोबाईल खाली घेतला. भाऊ दारात उभा होता, कानाला फडकं धरून. त्याला वाटलं असतं तर तो मशीनवर, फिल्मवर, कंपनीवर, माझ्यावर ढकलू शकला असता. तो म्हणाला, "मी घसी टाका."

बाई त्याच्यापाशी गेली. ती त्याच्या छातीपर्यंतही पोचत नव्हती. तिने मूठ वळली आणि त्याच्या छातीवर मारली. मग पोटात. मग उडी मारल्यासारखं करून तोंडावर, चांदीचा गोट गालावर बसेल असं. "तेस्नी मारा," ती प्रत्येक ठोशाला म्हणत होती, "तू बी मारा. तेस्नी मारा, तू बी मारा." मुलगी रडायला लागली. आयुष्यात एक चापट उसनी न ठेवलेला माझा भाऊ दोन्ही हात खाली सोडून उभा होता. कानावरचं फडकंही पडलं होतं. ती दमेपर्यंत तो हलला नाही. मला त्याला सोडवायचं होतं, आणि मी पुढे झाले नाही, कारण तिचं खरं होतं.

दमली तशी ती खाली बसली. पाणी दिलं तर प्यायली नाही. मुलगी म्हणाली, आजी, हे तुमचे फोटो मी मोठे करून आणून देईन, हसतानाचे. बाईने नको म्हणून मान हलवली. आत अंधारखोलीच्या दाराशी, दोरीवर, ती काचेसारखी फिल्म भावाने वाळत टाकली होती. का टाकली होती देव जाणे, सवयीने टाकली असेल. बाईने तिच्याकडे बोट केलं.

भाऊ म्हणाला, "मावशी, त्यानावर काहीच नही शे."

"मन्हा पोऱ्या त्यानावरच व्हता ना?"

मी म्हटलं, हां मावशी, त्यानावरच व्हता.

तिने ती फिल्म स्वतःच्या हाताने दोरीवरून काढली, हाताला गुंडाळत गुंडाळत तिचं वेटोळं केलं, पदराच्या टोकात बांधलं आणि गाठ दाताने घट्ट केली. मोलगीकडे जाणारी जीप भरत आली होती. ती उठली आणि निघून गेली. ज्या फिल्मवर ती हसत होती ती तिने नेली नाही.